आवडीचे वर्ष : १९७२

आवडनिवड हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न, त्यात वाद कसला, असे आपण सगळेच म्हणतो. आणि जन्मभर वाद घालतो तो बहुधा आवडीनिवडीवरूनच. हिशेबातली चूक कुणी दाखवली तर आपण ती मुकाट्याने दुरुस्त करतो. पण आपल्याला आवडलेल्या नाटकाला कुणी 'भिकार' म्हटले की मात्र आपले डोके तापते. आवड ही निव्वळ मर्जी असती तर तिच्यासाठी आपण एवढे भांडलो नसतो. 'मला हे आवडले' असे म्हणताना माणूस त्या वस्तूबरोबर स्वतःलाही पुढे ठेवतो. मग या बोलण्याची काही जबाबदारी त्याच्यावर येते की नाही? आवडीचा जाब विचारता येतो का? आणि कुणी विचारलाच, तर तो द्यायचा कुणाला?

हा प्रश्न हवेत सोडून दिला तर त्याचे नुसते तत्त्वज्ञान होईल. म्हणून मी एक वर्ष हाती घेतो : १९७२. त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि बेळगावात कॉलेजात शिकत होतो. आमचा जिल्हा तेव्हा म्हैसूर राज्यात होता. त्या राज्याला कर्नाटक हे नाव पडायला १ नोव्हेंबर १९७३ उजाडावा लागला. सीमेचा प्रश्न तेव्हाही होता आणि आज तो न्यायालयात आहे, त्याबद्दल येथे लिहीत नाही. पण तो प्रश्न घरात असताना माणसाच्या आवडीनिवडीचे काय होते, हे मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझी १९७२ची यादी अशी. चित्रपटांत व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा'. गाण्यांत 'पाकीझा'. रागसंगीतात मल्लिकार्जुन मन्सूर. पुस्तकांत जी. ए. कुलकर्णी यांचा 'काजळमाया' आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा'. नाटकांत विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आणि गिरीश कर्नाडांचे 'हयवदन'. चित्रांत रघुवीर मुळगावकरांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे.

आता वाचकांतला एखादा चिकित्सक म्हणेल, की या यादीत निम्म्या गोष्टी १९७२च्या नाहीतच. त्याचे म्हणणे खरे आहे. 'हयवदन' प्रसिद्ध झाले १९७१ साली. माझ्या हाती आले ते ७२च्या पावसाळ्यात. 'पाकीझा'ची जुळवाजुळव १९५०च्या दशकातली. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच वारले होते. चित्रपट लागला फेब्रुवारी १९७२ मध्ये, आणि ३१ मार्चला मीनाकुमारीही गेली. म्हणजे ज्या सुरांनी आम्ही त्या वर्षी वेडे झालो, त्यांचा कर्ता आपले यश पाहायला उरलेला नव्हता. उलट 'घाशीराम'चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. वर्ष संपायला पंधरा दिवस उरले होते, आणि मी तो पाहिला पुष्कळ पुढे. मन्सूरांच्या गाण्याचे तर सालच सांगता येत नाही. रेडिओवर एका रात्री ऐकलेल्या रागाला प्रकाशनाची तारीख कोठून असणार?

हा तारखेचा घोळ किरकोळ वाटेल, पण तो जी. एं.ना चांगलाच भोवला. 'काजळमाया'ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला. जी. एं.नी पुरस्कार परत केला. पुस्तक कोणत्या वर्षाचे या प्रश्नाला नियमाच्या वहीत किंमत असते, आणि ती असावीही. पुरस्कार नियमांनीच द्यायचे असतात. पण वाचकाचे वर्ष वेगळे. ज्या दिवशी पुस्तक आपल्याला भेटले तो त्याचा दिवस. 'सर्वोत्तम' ठरवणाऱ्याला पंचासारखे तटस्थ राहावे लागते, सगळे पाहावे लागते, तारखा तपासाव्या लागतात. 'आवडते' सांगणाऱ्यावर एवढी बंधने नाहीत. त्याच्यावर एकच आहे, आणि ते अधिक कडक आहे : त्याने खरे सांगावे.

हे वाटते तितके सोपे नाही. चित्रांचेच घ्या. १९७२चे माझे आवडते चित्र म्हणून मला आज वासुदेव गायतोंड्यांचे नाव लिहिता आले असते. गायतोंडे मोठेच चित्रकार, मूळ घराणे गोव्याचे, आणि आज त्यांचे नाव घेतले की सांगणाऱ्याची पत वाढते. पण ७२ साली मी त्यांचे एकही चित्र पाहिलेले नव्हते. माझे चित्रांचे प्रदर्शन म्हणजे दिवाळीत घरी येणारे दोन-तीन अंक. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले होते, मुळगावकर होते. तेही गोव्याचेच. त्यांच्या चित्रातल्या बाईच्या नथीचा मोती, गालावर पडलेला समईचा उजेड, शालूच्या काठाची एकेक बुट्टी मी तासन् तास पाहिली आहे. आमच्या घरात अंक आला की आधी मुखपृष्ठ, मग जाहिराती, मग मजकूर असा क्रम असे. पुढे मोठमोठी चित्रे पाहिली आणि दृष्टीही बदलली. तरी ७२च्या यादीत मुळगावकरांच्या जागी गायतोंड्यांना बसवणे म्हणजे उसना दागिना घालून फोटो काढणे होय. आवडीची यादी ही पतीसाठी केली की ती खोटी होते; आणि असे खोटे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणूनच ते आपण आपल्यालाच नाकारावे लागते.

आता दुसरा, अधिक अडचणीचा प्रश्न. आमच्यासारख्या गावांत आवडीला भाषा विचारली जाते. मी ज्या तरुण मंडळींत वावरत होतो, त्यांनी एकदा वर्षातल्या आवडत्या गोष्टींची यादी हस्तलिखितासाठी मागितली. मी 'हयवदन' लिहिले होते. ते खोडले गेले. 'मराठी हस्तलिखितात कानडी नाटक कशाला?' एवढेच कारण. खोडणारा माणूस दुष्ट नव्हता. ज्याला रोज आपल्या भाषेतला फलक, आपल्या भाषेतला अर्ज, आपल्या भाषेतली शाळा यांसाठी झगडावे लागते, त्याला दुसऱ्या भाषेवरचे प्रेम ही चैन वाटते, कधी फितुरीही वाटते. ज्यांनी ते नाटक मला दिले ते शेजारचे मास्तर कन्नड शाळेत शिकवायचे. 'ओदि नोडप्पा,' वाचून बघ, एवढेच म्हणून त्यांनी पुस्तक हातात ठेवले. मला कन्नड बोलता येई, वाचताना अडखळे. अडलेल्या शब्दाशी मास्तर संध्याकाळी कट्ट्यावर बसून थांबत. पुढे कळले की त्यांच्याही मंडळींत त्यांना एकाने विचारले होते, की ही माया त्या मराठ्यांच्या पोरावर कशासाठी?

खरे तर या भागात कलेला भाषेची हद्द कधी मानवलीच नाही. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे आणि कन्नडचे महाकवी. जी. ए. बेळगावात जन्मले, धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आणि लिहिले मराठीत. कर्नाड जन्मले माथेरानला, मातृभाषा कोंकणी, नाटके कन्नड. मन्सूर धारवाडजवळचे कन्नडभाषक. ते गाणे शिकले मिरजेला नीलकंठबुवांकडे आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडे. आमच्या रेडिओचा काटा अर्धा इंच डावीकडे सरकवला की धारवाड लागे, उजवीकडे सरकवला की सांगली. मन्सूर दोन्हीकडे ऐकू येत. त्यांचे गाणे सुरू झाले की आमच्या घरी काटा कुठे आहे हे कुणी पाहत नसे.

आणि गंमत पाहा. 'पिंजरा' म्हणजे अस्सल आपल्या मातीतला, जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचे संगीत, तमाशाचा फड. पण त्याचे मूळ 'द ब्लू एंजल' या १९३०च्या जर्मन चित्रपटात, आणि त्या चित्रपटाचे मूळ हाइनरिश मान यांच्या १९०५च्या कादंबरीत. 'हयवदन' म्हणजे यक्षगानाच्या ढंगाचे कन्नड नाटक. पण कर्नाडांनी कथासरित्सागरातली ती डोक्यांच्या अदलाबदलीची गोष्ट घेतली टॉमस मान यांच्या कथेवरून. हाइनरिश आणि टॉमस हे सख्खे भाऊ, जर्मनीतल्या ल्युबेक गावचे. म्हणजे आमच्या हस्तलिखितात ज्या दोन कृतींपैकी एक 'आपली' म्हणून ठेवली आणि दुसरी 'परकी' म्हणून खोडली, त्या दोघींचे मूळ एकाच घरात निघाले. 'हयवदन'मध्ये प्रश्नही असाच आहे : डोके एकाचे, धड दुसऱ्याचे, मग हा माणूस कोण? सीमाभागात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की भाषेवरची निष्ठा आणि कलेची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवण्यातच भाषेचे भले आहे. निष्ठेचे कर्तव्य असते. मुलांना मराठी वाचायला शिकवणे, वाचनालयाची वर्गणी भरणे, अंक विकत घेणे हे आवडो न आवडो, करावे. आवडीवर मात्र कर्तव्य लादता येत नाही. लादले तर माणूस आवडल्याचे सोंग करतो, आणि सोंगावर कोणतीही भाषा फार दिवस जगत नाही.

येथवर वाट सोपी होती. खरी पंचाईत पुढे आहे.

'घाशीराम' मी पुण्यात थिएटर अकॅडमीच्या प्रयोगात पाहिले. मूळ संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले होते. त्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी नवी संस्था काढून ते पुन्हा उभे केले. भास्कर चंदावरकरांचे संगीत, ब्राह्मणांची ती माणसांचीच भिंत, मोहन आगाशे यांचा नाना. मी भारावून परत आलो आणि घरी वर्णन करू लागलो. माझे थोरले काका ऐकून घेत होते. ते स्वतः चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, मितभाषी. शेवटी म्हणाले, "नाटक चांगलं असेल. पण ज्यात आपल्याच माणसांची अशी अब्रू काढलेय, ते तुला आवडलं कसं? वाईट वाटलं असं म्हण. विचार करायला लावलं म्हण. पण आवडलं?"

मी म्हणालो, "काका, ते इतिहासाचं नाटक नाहीच. तेंडुलकरांनीच तसं सांगितलंय. सत्ता घाशीराम कसे तयार करते ते त्यांना दाखवायचंय."

"ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे," काका म्हणाले. "पलीकडच्या गल्लीत ते कोण सांगणार? आपण इथं थोडके आहोत, बाळ. थोडक्या माणसांना आपले थोर पुरुष जपावे लागतात."

काकांच्या या वाक्याला उथळ उत्तर देणे मला आजही जमत नाही. 'कलेला बंधन नसते' हे उत्तर पुण्यात पुरते. जेथे आपली भाषा बोलणारे बहुसंख्य आहेत, तेथे स्वतःवर टीका करून घेणे परवडते. थोडक्यांना ती महाग पडते, कारण तिचा उपयोग दुसरे करतात.

पण मग मला 'पिंजरा' आठवला. तोही काकांचा आणि माझा दोघांचाही आवडता. आम्ही एकाच बाकावर बसून पाहिलेला. त्यात तमाशाला विरोध करणारे आदर्श गुरुजी नर्तकीच्या पायाशी येऊन पडतात. इकडे गुरुजी मारले गेले असे समजून गाव त्यांचा पुतळा उभारते. शेवटी त्याच गुरुजींवर गुरुजींच्या खुनाचा आरोप येतो, आणि ते फासावर जातात, पण आपण कोण हे सांगत नाहीत. गावाच्या मनातली मूर्ती भंगू नये म्हणून माणूस मरतो. मूर्ती जपावी, असे 'पिंजरा' सांगतो. मूर्तीच्या आत काय दडले आहे ते पाहा, असे 'घाशीराम' सांगतो. दोन्ही एकाच वर्षातली. आणि मला दोन्ही आवडतात! मग माझ्या आवडीला काही बुद्धी आहे की नाही?

या गोष्टीवर मी वर्षानुवर्षे विचार केला आहे. आवडणे म्हणजे पटणे, असे आपण नकळत धरून चालतो. तसे ते नाही. शेवटच्या दृश्यात गुरुजींच्या गप्प राहण्याने माझ्या डोळ्यांत पाणी येते, आणि तरीही त्यांनी बोलायला हवे होते असे मला वाटते. ज्या गावाची नीती एका खोट्या पुतळ्यावर उभी आहे, ते गाव एक दिवस खरे कळताच नीतीलाच हसेल. नर्तकीच्या पायाशी पडलेला आणि तरीही चांगले शिकवलेला गुरुजी गावाने पाहिला असता, तर गाव कदाचित अधिक शहाणे झाले असते. म्हणजे चित्रपट मला आवडतो, त्याचा निवाडा मला मान्य नाही. आवड एखाद्या प्रश्नाला आपल्या घरात राहायला जागा देते. उत्तर देण्याचे काम मग आपल्यालाच करावे लागते. ते दिग्दर्शकावर टाकता येत नाही. आवडीची जबाबदारी असेल तर ती ही.

आणि काकांना माझे उत्तर, जे मी त्यांच्या हयातीत पुरते मांडू शकलो नाही, ते असे : थोडक्यांनी आपले थोर पुरुष जपावेत हे खरे, पण थोडक्यांना खरे बोलणारी भाषा त्याहून जास्त लागते. जी भाषा स्वतःबद्दलचे कडू ऐकू शकते, तिच्यात मुलांना राहावेसे वाटते. नुसत्या आरत्यांच्या भाषेत मुले सणापुरतीच येतात.

तरी एक शब्द मला काकांकडून घ्यावाच लागला. 'वाईट वाटलं असं म्हण,' हे त्यांचे म्हणणे 'घाशीराम'पेक्षा 'गोलपिठा'ला अधिक लागू पडते. ढसाळांचा हा पहिला संग्रह १९७२चाच, त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची. मुंबईच्या वेश्यावस्तीतले, भुकेतले, गटारातले जग ढसाळांनी त्याच जगाच्या शब्दांत आणले. त्यातले कितीतरी शब्द सुशिक्षित मराठी घरांत कुणाला ठाऊकच नव्हते. ते पुस्तक 'आवडले' म्हणताना जीभ अडते. ज्या पानावर माणूस कुजतो आहे, त्या पानाला 'वा!' म्हणायचे?

येथे ते वर्षच आडवे येते. १९७२ म्हणजे दुष्काळ. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातली लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव खणायला दुष्काळी कामांवर गेली. आमच्या नातेवाइकांची घरे सोलापूरकडे होती. तिकडून येणारी पत्रे म्हणजे विहिरींची, बाजारी विकलेल्या बैलांची आणि रेशनवरच्या लाल मिलोची पत्रे. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्याच वर्षाबद्दल मी गाणी, चित्रे, नाटके यांची गोड यादी करतो आहे. हे शोभते का?

माझ्यापुरते उत्तर असे. त्या वर्षी आनंद झाला तो खरा होता. दुष्काळ होता म्हणून 'पाकीझा'चे सूर खोटे ठरत नाहीत. खडी फोडणाऱ्यांच्या तळावरही रात्री भजने होत, आणि त्यांना कुणी 'तुम्हांला हे शोभते का' असे विचारले नाही. पण ज्या यादीत केवळ सुखावणारे आहे, ती यादी त्या वर्षाची नसते. ती आपल्या घराच्या खिडकीची असते. 'गोलपिठा' माझ्या यादीत आहे तो सुखावतो म्हणून नाही. तो सोडत नाही म्हणून. मराठीत 'आवडणे' या क्रियापदाशेजारी 'लागणे' हे दुसरे क्रियापद आहे : एखादी गोष्ट मनाला लागते. लागलेल्या गोष्टींनाही आवडीच्या यादीत जागा द्यायला हवी. जी. एं.च्या कथांत नियतीपुढे हतबल झालेली माणसे येतात, आणि वाचून झाल्यावर दोन दिवस कुणाशी बोलावेसे वाटत नाही. तरी पुस्तक वाचनालयात परत करताना हात मागे येतो. त्याला दुसरे काय म्हणणार?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळ आवरला की घरातल्या वडीलधाऱ्यांना एक वर्ष निवडायला सांगा. त्या वर्षीचे त्यांचे आवडते गाणे, नाटक, पुस्तक, चित्र कोणते ते विचारा. मोठ्या नावांचे पांघरूण घेऊ नका म्हणावे. उत्तरात कानडी, तेलुगू, गुजराती, हिंदी नावे आली तर ती खोडू नका. आपण ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या राहिलो, त्या गावांनी ती दिलेली आहेत. आणि शेवटी एवढे विचारा, की त्या वर्षी मनाला लागलेले काय होते. आजोबा थोडा वेळ गप्प राहतील. त्यांना घाई करू नका.